भोंगा उशिरा का वाजतो

तोंडावर लोक तिला ताई म्हणत आणि पाठ वळली की 'खातरजमा'. हे दुसरं नाव आपल्याला पडलंय हे तिला ठाऊक होतं. ते कुणी पाडलं याचीही तिने खातरजमा करून घेतली होती. समोरच्या इस्त्रीवाल्याने. तेव्हापासून ती त्याच्याकडून आलेले कपडे दारातच उलगडून बघायची. आधीही बघायचीच, पण आता त्याच्या देखत.

जिन्याखालच्या खोलीत तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. खोली एवढीशी, की दुसरं गिऱ्हाईक आलं तर त्याला पायरीवर बसावं लागे. गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, कुणी हात लावला नाही हो, आपोआप बंद पडला." ती स्क्रू काढता काढता म्हणायची, "आपोआप फक्त धूळ बसते. बाकी सगळ्याला कुणाचा तरी हात लागतो." पाकिटातून काढलेल्या कोऱ्या बॅटरीलाही ती आधी मीटर लावायची. घाऊक दुकानदार तिला लांबून येताना पाहिलं की नोकराला सांगायचा, "चांगला माल काढ रे, उगाच परत पाठवेल."

हा तिचा जन्माचा स्वभाव नव्हता. दुकान मूळचं नवऱ्याचं. तो रेडिओ, टीव्ही दुरुस्त करायचा. ती शेजारी बसून शिकली, आणि कॉम्प्युटरचे दिवस आले तेव्हा दोघं मिळून शिकली. मग तो आजारी पडला. "पित्त आहे वहिनी, पथ्य पाळलं की उतरेल," असं धाकटा दीर तिला सांगत राहिला. दीर हसतमुख, मायाळू. तिने विश्वास ठेवला आणि पथ्याचं रांधत राहिली. शेवटी हॉस्पिटलात चादर बदलता बदलता एक नर्स सहज बोलून गेली, "तुम्हाला अजून कुणी सांगितलं नाही का?" आजार बरा होणारा नाही, हे दोघा भावांना पहिल्यापासून माहीत होतं. नवऱ्यानेच धाकट्याला शपथ घातली होती, हे नंतर कळलं. पण कळून उपयोग काय? नवऱ्यावर रागवावं तर तो राहिला नव्हता. राग दिरावर जाऊन बसला आणि बसला तो उठलाच नाही. दीर घरी यायचा, आईजवळ बसायचा, वहिनीशी दोन शब्द बोलायचा. ते दोन शब्दही ती उजेडात धरून बघितल्यासारखे ऐकायची.

असं सगळं असताना एके सकाळी मोज्यांच्या कारखान्याचा मालक तिच्या दुकानात आला आणि दार लोटून घेऊन बसला.

"ताई, काम जरा नाजूक आहे. गेटच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर हजेरी लागते आणि सुटीचा भोंगाही त्यावरच वाजतो. त्याचं घड्याळ कुणीतरी हलवतंय."

"कुणीतरी म्हणजे?"

"टाइमकीपर. तुमचा दीर."

तिने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"तुम्ही नात्याचा मुलाहिजा ठेवत नाही असं ऐकलंय, म्हणून तुमच्याकडे आलो."

"मी कुणाचाच ठेवत नाही. कशावरून म्हणता?"

मालक पुढे वाकला. "दुपारची सुटी संपली की बायका आत जातात. खोलीत तो एकटा उरतो. इकडेतिकडे बघतो, डाव्या हाताने खालचा ड्रॉवर उघडतो, आतलं मनगटी घड्याळ बघतो आणि कॉम्प्युटरची वेळ पुढे ढकलतो. म्हणजे भोंगा लवकर. बायका खूश, माझी मशिनं थंड."

"हे पाहिलं कुणी?"

"कळतं हो मला," मालक उठत म्हणाला. "फक्त कॉम्प्युटरची पेटी उघडू नका. सील आहे, वॉरंटी जाईल. घड्याळ हलवलं जातं की नाही, एवढंच मला सांगा."

तो गेल्यावर तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते वेगळंच. इतकी वर्षं मनात धरून ठेवलेल्या गोष्टीला कुणीतरी साक्षीदार मिळावा, तसं काहीसं. पण त्याचबरोबर मालकाचाही एक खडा तिच्या दाताखाली आला होता. दुरुस्तीला बोलावणारा माणूस पेटी उघडू नका का म्हणतो? इथे कुठेतरी पाणी मुरत होतं.

जेवताना तिने सासूला सांगितलं. सासू म्हणाली, "त्याच्या पोटात पाप नाही गं."

"पोटातलं आपल्याला दिसतं का, आई? दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो."

सासूने तिच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी तिने रेडिओवरच्या बातम्यांना आपलं मनगटी घड्याळ लावून घेतलं आणि कारखाना उघडताना गेटवर हजर झाली. बायका ओळीने आत येत होत्या. मशिनवरच्या बारीक धाग्यात अडकू नये म्हणून बांगड्या, अंगठ्या, घड्याळं सगळं काढून कापडी पिशवीत घालायचं आणि टाइमकीपरकडे ठेवायचं, असा नियम होता. दीर प्रत्येकीची पिशवी खुंटीला लावत होता. वहिनीला पाहून त्याचा हात हवेतच राहिला.

"वहिनी? तुम्ही इथे?"

"मालकांनी बोलावलंय. घड्याळ बघायला."

त्याचा चेहरा पडला. तिने तो पडताना पाहिला. खाई त्याला खवखवे, ती मनात म्हणाली.

बायका आत गेल्यावर तिने खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटरची वेळ स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहिली. बरोबर होती. "आज तुम्ही याला हात लावायचा नाही, भावजी," ती म्हणाली.

"मग भोंगा उशिरा वाजेल."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

दीर दाराशी जाऊन बघून आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आता तुमच्यापासून काय लपवू. दुपारी मी वेळ पुढे करतो. करावीच लागते. दिवसभरात मागे पडतं हे यंत्र. पुढे केलं तरी संध्याकाळपर्यंत पुन्हा थोडं मागे जातंच. भोंगा उशिरा झाला की बायकांची बस चुकते, पाळणाघरात पोरं रडत बसतात. मालकांना मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, कॉम्प्युटर चुकत नाही, माणूस चुकतो."

गुन्हा कबूल झाला होता. तिला खरं म्हणजे इथूनच परत जाता आलं असतं. पण कबुलीसुद्धा तिला तपासून घ्यायची होती, कारण ती दिराच्या तोंडून आली होती. "बघू," एवढंच म्हणून ती बसून राहिली.

बसली ती हललीच नाही. दिराचे दोन्ही हात तिच्या नजरेसमोर होते. तो पिशव्या नीट करत होता, नोंदी करत होता, मध्येच तिच्यासाठी चहा मागवून तो तिच्यापुढे थंड होताना बघत होता. यंत्राला कुणी शिवलं नाही. आणि दुपारी तिच्या मनगटावर सुटीची वेळ कधीच होऊन गेली होती. कॉम्प्युटर मात्र अजून आपल्याच तंद्रीत होता. भोंगा वाजला तो बराच उशिरा.

बायका बाहेर आल्या. त्यांच्यातली सगळ्यात जुनी, जिला सगळ्या आत्या म्हणत, ती सरळ खिडकीशी आली.

"तू याची भावजय ना? वा! म्हणजे मालकाने चौकशीलाही घरचंच माणूस लावलंय."

"मी कुणाच्या घरची म्हणून आलेली नाही."

"सगळे असंच म्हणतात बाई. हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ रंगकामाला म्हणून उतरवलं. रंग वाळला, आता त्याचे पापुद्रे निघायला लागले, तरी घड्याळ काही वर चढलं नाही. आमची घड्याळं इथे खुंटीला. आत आम्हाला सकाळ की संध्याकाळ ते कळत नाही. बाहेर येऊन बघावं तर बस गेलेली. कुणाचा तरी फायदा असल्याशिवाय भोंगा उशिरा वाजतो का?"

आत्या तिच्याकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर खातरजमाच्या ओळखीची होती. ती तिची स्वतःची होती. दुसऱ्याच्या डोळ्यांतून आपल्यावर आली की ती कशी लागते, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

ती परत यंत्राकडे वळली. पहिला संशय नेहमीचाच, बॅटरीवर. कॉम्प्युटर बंद असतानाही त्यातलं एक छोटं घड्याळ बॅटरीवर चालू असतं. बॅटरी मेली की ते अडखळतं. तिने सुटीभर कॉम्प्युटर बंद ठेवला आणि मग चालू केला. वेळ तंतोतंत आली. सकाळपासून हरवलेली मिनिटंही परत आली होती. बॅटरी निर्दोष होती, आणि ते छोटं घड्याळही.

मग खोट कुठे? कॉम्प्युटर सकाळी उठला की त्या छोट्या घड्याळाकडे एकदाच बघतो. त्यानंतर दिवसभर तो स्वतःच्याच टिकटिकीवर वेळ मोजत जातो. मोजता मोजता कुणी हाका मारत राहिलं तर माणूस आकडा विसरतो. तसं याला दिवसभर कुणीतरी हाका मारत होतं.

तिला दुसरंही एक खटकलं. यंत्र सुरू होताना काळ्या पडद्यावर प्रोसेसरचा वेग उमटला, तो पेटीवरच्या चिठ्ठीशी जुळत होता. पण आतल्या तपासणीच्या प्रोग्रॅमने वेग मोजला तर तो जास्त आला. पुन्हा मोजला, आणखी जास्त. तिसऱ्यांदा तिसराच. तिच्या कपाळावर आठी पडली. त्या दिवसांत प्रोसेसरवरचे आकडे खरवडून जास्त वेगाचे आकडे छापायचा धंदा बाजारात जोरात होता. विक्रेत्याने मालकाला गंडवलं की काय? पण तिने पुन्हा विचार केला. पितळेला सोन्याचा मुलामा देणारे पुष्कळ. सोन्याला पितळेचा मुलामा कोण देईल? चिठ्ठीवर कमी आणि आत जास्त, असा दानशूर व्यापारी तिला अजून भेटायचा होता.

दीर कोपऱ्यातून म्हणाला, "काही सापडलं?"

"बोलू नका."

आणि न बोलता बसल्यावर तिला उलगडलं. प्रोसेसरचे ठोके एका सेकंदात किती पडले ते मोजून तो प्रोग्रॅम वेग सांगत होता. सेकंद मात्र याच यंत्राचा. ज्याचं घड्याळ मागे पडतं, त्याचा सेकंद लांब असणार. माप मोठं असलं की त्यात दाणे जास्त मावतात. प्रोसेसर जिथल्या तिथे होता, मापच फुगलं होतं. दोन तक्रारींचं मूळ एकच होतं. यंत्राच्या मोजणीत कुणीतरी सारखं आडवं येत होतं.

पण कोण? हजेरी तर सकाळी लागून झाली होती. दिवसभर या पेटीला काही कामच नव्हतं, तरी तिचा लाल दिवा अखंड लुकलुकत होता. आत काहीतरी सतत लिहिलं जात होतं. चालू असलेल्या प्रोग्रॅमांची यादी तिने काढली. ओळखीच्या नावांमध्ये एक अनोळखी नाव अंग चोरून बसलं होतं.

त्याच क्षणी तिला मालकाचं बोलणं आठवलं. डाव्या हाताने खालचा ड्रॉवर उघडतो. डाव्या हाताने! दीर खोलीत एकटा असतो असं तोच म्हणाला होता. मग हात डावा की उजवा, हे त्याला सांगितलं कुणी?

वर बघायचं तिने मुद्दाम टाळलं. खाली वाकून पेटीच्या मागे हात घातला. पडद्याची वायर, कळफलकाची वायर, भोंग्याची वायर. आणि या सगळ्यांखाली दोन बारीक काळ्या वायरी, ज्यांचं तिथे काहीच काम नव्हतं. दोन्ही भिंतीतल्या भोकात गेल्या होत्या. एक पलीकडे हॉलकडे. दुसरी पट्टीखालून वर चढून दारावरच्या एका रिकाम्या स्विचबॉक्सपाशी संपली. त्या बॉक्सचा एक स्क्रू गायब होता. ती स्टुलावर चढली आणि त्या भोकाला डोळा लावला. आत काच होती.

"काय आहे, वहिनी?"

"तुमचा डावा हात," ती म्हणाली.

दिराला काही समजलं नाही. तिने खाली उतरून कॅमेऱ्याचं समजावलं तेव्हा त्याने स्वतः चढून भोकात पाहिलं. पहिली गोष्ट त्याला आठवली ती ही, की दुपारी कुणी नसताना तो कधीकधी आपल्याशीच गाणं म्हणत असे. त्याचे कान लाल झाले.

खातरजमा खातरजमा केल्याशिवाय थोडीच राहणार! पेटी उघडायची नव्हती, पण प्रोग्रॅम बंद करू नका असं मालक बोललेला नव्हता. तिने ते अनोळखी नाव बंद केलं. लाल दिवा विझला. वेळ जुळवून ती पुन्हा बसली. दुपार सरली, ऊन खिडकीवरून भिंतीवर आणि भिंतीवरून बाहेर गेलं, तरी तिचं घड्याळ आणि यंत्राचं घड्याळ हातात हात घालून चालत राहिलं. वेगही मोजला. चिठ्ठीवर होता तोच, दर वेळी तोच. पुढे तिने अनोळखी नाव पुन्हा चालू करून पाहिलं. टिकटिक परत अडखळायला लागली. तिने ते बंद केलं, वेळ सारखी केली आणि हात झटकले.

त्या संध्याकाळी भोंगा वेळेवर वाजला, आणि तो ऐकून मालक केबिनमधून धावत खाली आला.

"हलवलं ना? सांगत नव्हतो?"

"कुणी हलवलं नाही. तुमचा कॅमेरा दिवसभर चित्रं लिहीत बसतो. एवढं ओझं या पेटीला झेपत नाही, म्हणून तिचं घड्याळ मागे पडतं. तुमचा टाइमकीपर ते पुढे करून जागेवर आणत होता."

मालकाने आधी दार लावलं. "हळू बोला ताई. धाग्याचे कोन, म्हणजे मोठी रिळं, चोरीला जातात माझी. कोण नेतं ते बघायला नको?"

"सापडला कुणी?"

"अजून नाही."

"म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यात सापडला तो फक्त वेळ दुरुस्त करणारा."

मालक खाली बसला. आवाज मऊ करून म्हणाला, "झालं ते झालं. बाहेर एवढंच सांगू, की बॅटरी गेली होती. तुमचंही काम संपलं, माझंही."

"बॅटरी चांगली आहे," ती म्हणाली. "चांगल्याला वाईट म्हणायचं मला जमायचं नाही." हे म्हणताना तिची नजर भिंतीशी उभ्या असलेल्या दिराकडे गेली आणि तिने ती चटकन काढून घेतली.

गेटबाहेर आत्या पिशवीतून बांगड्या काढून हातात भरत होती. खातरजमाने तिला बाजूला घेतलं आणि पाहिलं ते सगळं सांगितलं, कुठे काच आहे ते, काच कशी सापडली ते आणि भोंगा का उशिरा वाजत होता तेही. आत्याने पूर्ण ऐकून घेतलं. "म्हणजे चोर आम्ही," ती म्हणाली, आणि बसकडे गेली नाही. एकेकीला थांबवून सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी कुणीच आत गेलं नाही. सगळ्या गेटबाहेरच्या कट्ट्यावर बसल्या. मालक आधी ओरडला, मग समजूत घालायला आला, मग पुन्हा ओरडला. अखेर ठरलं ते असं. गेटच्या खोलीतला कॅमेरा निघाला. हॉलमधला राहिला, पण उघड, सगळ्यांना दिसेल असा, आणि त्याचं लिहिणं मालकाच्या केबिनमधल्या वेगळ्या यंत्रावर गेलं. दोघी-तिघी परत आल्याच नाहीत. धाग्याचे कोन कुठे जात होते ते कळलं नाही ते नाहीच; आत्याचं म्हणणं पडलं की गोदामात मोजणाराच घोळ घालतो, आणि गोदामवाल्याचं म्हणणं पडलं की आत्यावर लक्ष ठेवा.

मालकाने दिराला "मनात काही ठेवू नका" म्हटलं. दिराने ठेवलं. महिना संपल्यावर त्याने नोकरी सोडली आणि बसस्थानकावरच्या पार्सलच्या खिडकीत लागला. तिथे त्याच्यासमोर दिवसभर माणसं असतात, ते त्याला बरं वाटतं.

भोंगा वेळेवर वाजला त्या पहिल्या संध्याकाळी मात्र दोघं बरोबरच घरी निघाले होते. कोपऱ्यावर दीर थांबला. "वहिनी, दादाच्या वेळी मी..."

"आज नको, भावजी," ती म्हणाली. "आज माझ्याच्याने ऐकवणार नाही."

घरी तिने सासूला एवढंच सांगितलं, की त्याने सकाळीच खरं सांगितलं होतं आणि मी दिवसभर ते तपासत बसले. सासू म्हणाली, "तपासलंस म्हणून तर कळलं." हे बोलणं तिला लागलं की सुखावलं, ते तिचं तिलाच ठरवता येईना. पुढे एका रविवारी तिने स्वतः दिराला बोलावून घेतलं, समोर बसवलं आणि तो सांगेल ते सगळं ऐकलं. मध्ये एकदाही प्रश्न विचारला नाही. विश्वास ठेवला का? बहुतेक ठेवला. 'बहुतेक' हेही तिच्या हिशेबी पुष्कळ होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी आत्या दुकानात आली. पायरीवर बसली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "ताई, एक बघून दे. आमची कपडे बदलायची खोली."

खातरजमा गेली. मालकाने हरकत घेतली नाही, उलट सगळे दिवे लावून दिले. तिने तिथला एकेक स्विचबॉक्स उघडला, पंख्याची टोपी उतरवली, आरशाच्या मागे हात घातला, खिळ्याची भोकं टाचणीने चाचपली. काही नव्हतं. वायरी होत्या तेवढ्या दिव्यांच्या आणि पंख्याच्या. तिने प्रत्येक वायर टोकापर्यंत आत्याला दाखवली.

"नाही काही," ती म्हणाली. "मी खात्रीने सांगते."

दारात उभ्या असलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्यातली एक तरुण बाई हातात ओढणी घट्ट धरून म्हणाली, "आज नाही म्हणता. उद्या कुणी बसवला तर?"

खातरजमाने स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला. या प्रश्नाला मीटर लावता येत नव्हता. "उद्या परत बोलवा," ती म्हणाली, आणि तिला माहीत होतं की त्या बोलावतील, परवाही बोलावतील, आणि तिच्या 'नाही'वर त्यांचा विश्वास कधीच बसणार नाही.